मागच्या सीटवरची झोप

मोटारसायकलच्या इतिहासाची पुस्तकं उघडली, की त्यांत इंजिनं भेटतात, कारखाने भेटतात, शर्यती आणि त्या जिंकणारे भेटतात. मागच्या सीटवर बसलेला माणूस मात्र भेटत नाही. भेटलाच तर एखाद्या छायाचित्रात, चालवणाऱ्याच्या खांद्याआडून डोकावणारा अर्धा चेहरा, आणि खाली नाव फक्त पुढच्याचं. आपल्याकडे दुचाकी ही मुळातच दोघांची गाडी, बऱ्याचदा चौघांची. तेव्हा या मागच्या माणसाची, आणि खरं सांगायचं तर बहुतेक वेळा मागच्या बाईची, हकिगत आपणच सांगायला हवी. त्या हकिगतीतला एकच धागा मी आज घेणार आहे. लांबच्या प्रवासात मागे बसलेल्याला झोप का येते, आणि ती येऊ नये म्हणून माणसांनी काय काय केलं?

विषय ऐकून अनेकांना हसू येतं. ज्यांनी मागच्या सीटवर बसून रात्रीचा घाट उतरलाय, त्यांना येत नाही.

आधी शब्दापासून सुरुवात करू. मराठीत आपण 'डबलसीट' म्हणतो. हा शब्द आपला आपणच घडवला. आधी तो सायकलला लागला, मग स्कूटरला. इंग्रज मात्र मागच्या सीटला 'पिलियन' म्हणतो, आणि हा शब्द मोटारसायकलीपेक्षा काही शतकं जुना आहे. तो गेलिक भाषांतून इंग्रजीत आला आणि त्याचं मूळ लॅटिनमधल्या कातडं या अर्थाच्या शब्दात आहे. घोड्यावर पुरुषाच्या खोगिरामागे एक गादी बांधत आणि तिच्यावर बाई बसे. कशी? एका बाजूला दोन्ही पाय सोडून. हात पुरुषाच्या कमरपट्ट्यात, पाय टेकायला एक लहानशी लाकडी फळी. आपल्या स्कूटरींना 'लेडीज फुटरेस्ट' म्हणून जी पत्र्याची पट्टी असते, तिची ही पणजी. एका अंगाने बसणं ही साडीमुळे आलेली आपली खासियत, असं आपल्याला वाटतं. ते पूर्णपणे खरं नाही. युरोपातल्या बायका झग्यांमुळे तेच करत होत्या.

गॉटलीब डाइमलर आणि विल्हेल्म मायबाख यांनी १८८५ मध्ये जर्मनीत जी लाकडी सांगाड्याची, पेट्रोलवर चालणारी दुचाकी बनवली, तिला एकच खोगीर होतं. दुसऱ्या माणसाचा विचार नंतर आला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सोबतच्या माणसाला चक्क पुढे बसवत. दोन चाकांवर एक खुर्ची आणि तिच्या मागे चालक. धूळ, चिलटं आणि समोरून येणारी बैलगाडी, सगळ्यांचं पहिलं स्वागत या पाहुण्याने करायचं. त्याला झोप येण्याचा प्रश्नच नव्हता. मग साइडकार आली, आणि पुढची दोन-तीन दशकं लांब पल्ल्याच्या प्रवासावर तिचंच राज्य होतं.

साइडकारबद्दल थोडं थांबून बोलायला हवं. आपल्याला ती आठवते ती १९७५ च्या 'शोले'मुळे. पण तिचं खरं मोल त्या गाण्यातल्या कसरतींत नाही. साइडकारमधल्या माणसाला झोपता येतं, हे तिचं मोल. १९१५ साली एफी हॉचकिस नावाच्या तरुणीने न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनहून सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत आणि परत, अशी अख्खी अमेरिका हार्ले-डेव्हिडसनवरून ओलांडली. सोबतीला आई होती, अ‍ॅव्हिस, साइडकारमध्ये. धड रस्ते नव्हते तिथे या मायलेकी महिनोन्महिने हिंडल्या. आईला मागच्या कॅरिअरवर बसवून हा प्रवास झाला असता, असं मला वाटत नाही. पुढे १९३४ च्या डिसेंबरात थेरेसा वॉलाक आणि फ्लॉरेन्स ब्लेंकिरॉन या दोघी लंडनहून निघाल्या आणि सहारा ओलांडून १९३५ च्या जुलैमध्ये केपटाउनला पोचल्या. त्यांच्या पँथर मोटारसायकलीला साइडकार होती आणि तिच्या मागे सामानाची गाडी. दोघीही चालवणाऱ्या. त्यामुळे एक हँडलवर तर दुसरी साइडकारमध्ये पाठ टेकून, अशी पाळी लावता येत होती. मागची सीट अशी पाठ टेकू देत नाही.

मग साइडकार गेली का? पैशामुळे. ती जड, महाग, पेट्रोल खाणारी. पहिल्या महायुद्धानंतर इंग्लंडात तरुण मुलांच्या हाती मोटारसायकली आल्या, तेव्हा त्यांनी मागच्या सामानाच्या कॅरिअरवर उशी बांधली आणि मैत्रिणीला बसवलं. उशी कधी घट्ट, कधी सैल. शेवटी १९३० च्या ब्रिटिश वाहतूक कायद्याने नियम केला, की मागे एकच माणूस बसेल, गाडीला पक्क्या जोडलेल्या सीटवर बसेल आणि दोन्ही बाजूंना पाय टाकून बसेल.

आता गंमत बघा. आपला १९३९ चा मोटार वाहन कायदा बराचसा याच वळणावर लिहिला गेला. त्यातही मागे एकच माणूस आहे, पक्की जोडलेली सीट आहे. दोन्ही बाजूंना पाय टाकण्याची अट मात्र गायब. १९८८ च्या कायद्यातही ती नाही. मला याचं एकच कारण दिसतं, साडी. ती अट ठेवली असती, तर निम्मा देश मागे बसण्याला मुकला असता. कायदा करणाऱ्यांनी शहाणपणाच दाखवला म्हणायचा. पण त्यामुळे पुढची पन्नास-साठ वर्षं या देशातल्या बायका एका अंगाने, एका हाताने सीटची कडी धरून आणि दुसऱ्या हाताने मूल सांभाळून, शेकडो किलोमीटर जात राहिल्या. अशा बसण्यात डुलकी लागली तर काय होतं, हे वेगळं सांगायला नको. घोड्यावर स्वार होणाऱ्या आपल्या पूर्वजांच्या बायकांनी कासोटा घातला होता, ही आठवण आपल्याला फार उशिरा झाली. हल्ली गुढीपाडव्याच्या शोभायात्रांत नऊवारी नेसून बुलेट चालवणाऱ्या मुली दिसतात, तेव्हा मला हटकून वाटतं, की ही साडी मागच्या सीटसाठीही केव्हाची तयार होती.

पण झोप येते तरी का? चालवणाऱ्याला त्याच रस्त्यावर, त्याच वाऱ्यात येत नाही, किंवा निदान तितकी लवकर येत नाही. मागच्याला मात्र अर्ध्या तासात जांभया.

याची उत्तरं अलीकडच्या संशोधनाने दिली आहेत, आणि ती आपल्या आज्यांना ठाऊक होती. २०११ मध्ये जिनिव्हाच्या संशोधकांनी बारा निरोगी पुरुषांना दुपारी एका हलत्या पलंगावर निजवलं. पलंग चार सेकंदांत एक झोका घेत होता. स्थिर पलंगापेक्षा या पलंगावर त्यांना लवकर झोप लागली. पाळण्याच्या दोरीला हात असणारी कुठलीही बाई हेच सांगेल. २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नच्या आरएमआयटी विद्यापीठाने पंधरा जणांना गाडी चालवण्याच्या नकली यंत्रावर बसवलं. एकदा सीट स्थिर ठेवली, एकदा तिला मंद थरथर दिली, सेकंदाला चार ते सात हेलकाव्यांची. थरथर असताना पंधरा मिनिटांत सुस्तीची चिन्हं दिसू लागली आणि अर्ध्या तासात जागं राहणं जड जायला लागलं. हा प्रयोग मोटारीच्या सीटवरचा होता, दुचाकीवरचा नव्हे. दुचाकीच्या इंजिनाची थरथर याहून पुष्कळ जलद असते. पण रस्त्याचे बारीक उंचवटे स्प्रिंगांतून आणि सीटच्या फोममधून गाळून वर येतात, ते याच मंद जातीचे. हात हँडलवर, पाय ब्रेकवर, डोळे खड्ड्यावर असणाऱ्याचा मेंदू त्या हेलकाव्याशी झगडत असतो. मागच्याच्या मेंदूला झगडायला काही नसतं.

आणखी एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते. 'गाडी लागणं' म्हणजे मळमळ आणि उलटी, असं आपण समजतो. १९७६ मध्ये ग्रेबिएल आणि नेप्टन या अमेरिकी संशोधकांनी दाखवून दिलं, की काही जणांना गाडी लागते तेव्हा उलटी होतच नाही, नुसती गुंगी येते. कानाच्या आतला तोल सांभाळणारा अवयव सांगतो की आपण हलतोय, आणि डोळ्यांपुढे तर एक स्थिर गोष्ट असते: पुढच्या माणसाची पाठ. शरीर या भांडणाला कंटाळून मिटून घेतं. म्हणजे 'हिला बसल्याबरोबर झोप येते' असा ज्यांना घरोघर टोमणा बसतो, त्यांतल्या काहींना चक्क गाडी लागलेली असते.

झोप लागते तेव्हा आधी मान सैल पडते. त्यात हेल्मेटचं किलो-सव्वा किलो वजन असलं, की डोकं पुढे जाऊन पुढच्याच्या हेल्मेटवर ठण्णकन आपटतं. हा आवाज ऐकू आला तर नशीब समजायचं. कारण त्यानंतर हाताची पकड सुटते, आणि धड ज्या बाजूला झुकलं असेल त्या बाजूला गाडी ओढली जाते. डुलकी फार लांब असावी लागत नाही. ताशी साठच्या वेगाने गाडी सेकंदाला साडेसोळा मीटरहून जास्त जाते. चार सेकंदांची डुलकी म्हणजे पासष्ट मीटरहून जास्त रस्ता, आणि त्या रस्त्यावर एखादा न रंगवलेला स्पीडब्रेकर पुरतो. जागा माणूस ब्रेक लागताच गुडघे आवळतो. झोपलेला आवळत नाही.

आता आपल्या रस्त्यांवर येऊ. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकात मुंबईच्या ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्स ऑफ इंडियाने लँब्रेटा आणली. १९६० च्या सुमारास बजाजने इटलीच्या पिआज्जिओच्या परवान्याने व्हेस्पा बांधायला घेतली आणि तो करार संपल्यावर १९७२ मध्ये तिच्याच घडणीची चेतक आली. तिकडे मद्रासला १९५५ पासून बुलेट, म्हैसूरला १९६० च्या दशकात जावा. पण मध्यमवर्गीय घराला परवडणारी गाडी म्हणजे स्कूटर. तीही नंबर लावून, वर्षानुवर्षं वाट पाहून. एकदा मिळाली, की ती ऑफिसलाही जायची आणि मे महिन्यात गावालाही.

आमच्याकडे लँब्रेटा होती. दोन सुट्या सीटांची, मध्ये पकडायला कडी. आप्पा चालवायचे, मागे आई एका अंगाने, तिच्या मांडीवर धाकटा भाऊ, आणि मी पुढे हँडल आणि सीट यांच्यामधल्या जागेत उभी. कायद्याने मुलाला पुढे उभं करायची परवानगी नव्हती, पण माझ्या पिढीतली निम्मी मुलं तिथेच वाढली. पुणे ते सातारा, एकशेदहा किलोमीटर. निघायचो पहाटे, म्हणजे नेमक्या त्या वेळी, जेव्हा माणसाचं शरीर सगळ्यांत झोपाळलेलं असतं. दुसरी तशी वेळ दुपारी दोन ते चार, आणि परतीचा प्रवास हटकून जेवण करून त्याच वेळी सुरू व्हायचा.

आई झोपू नये याची काळजी आप्पांना, आणि आम्ही झोपू नये याची आईला. त्यासाठी घरोघरी काय चालायचं, ते कुठल्या पुस्तकात नोंदलेलं नाही. पण माझ्या वयाच्या कुणालाही विचारा. पदराच्या गाठीत लवंग आणि आवळासुपारी. ओल्या रुमालाची घडी पिशवीत वरच ठेवलेली. कात्रजचा बोगदा आला की ओरडायचं, नीरेचा पूल आला की एक पैसा टाकायचा. मैलाचे दगड मोजायचे, आणि पुढे किलोमीटरचे. गावांच्या भेंड्या: कापूरहोळ, मग ळ कुठून आणायचा यावरून भांडण. पण आप्पांचं रामबाण औषध म्हणजे पाढे. साधे नव्हेत. साधे पाढे झोपेतही म्हणता येतात, तोंड आपोआप चालतं. ते विचारायचे औटकी. सात औटे किती? औट म्हणजे साडेतीन, आणि त्याचं उत्तर काढायला डोकं चालवावंच लागतं. मला आजही वाटतं, त्यांना नेमकी गोष्ट कळली होती. ओळखीची गाणी म्हणत झोपी गेलेली माणसं मी पाहिली आहेत. औटकी म्हणता म्हणता झोपलेलं कुणी पाहिलं नाही.

आई पाढ्यांत नसायची. तिला काम वेगळं होतं. मागून येणाऱ्या एस.टी.चा आवाज आला की तिने आप्पांच्या उजव्या खांद्यावर थाप मारायची. लँब्रेटाला आरसा होता, पण त्यात आप्पांना स्वतःचं कोपर तेवढं दिसायचं. खंबाटकी घाटात ही थाप अगदी नेमाने पडे. मोठी झाल्यावर मी तिला विचारलं, तुला कधी झोप नाही का गं यायची? ती म्हणाली, "मी झोपले असते तर मागचं कोण बघणार होतं?"

तिच्या पायाशी साडीगार्ड नव्हता. चाकात पदर जाऊन झालेले अपघात तेव्हाच्या वर्तमानपत्रांत नेहमीचे. मागच्या माणसाला धरायला पक्की मूठ, पाय ठेवायला जागा आणि कपडे अडकू नयेत म्हणून मागच्या चाकाला निम्म्याहून कमी नाही इतकं झाकण, हे तिन्ही देशभर सक्तीचं झालं ते १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांमुळे. म्हणजे चेतक रस्त्यावर येऊन सतरा वर्षं झाल्यावर. नियम चांगलाच आहे. पण तो मागच्याला बांधून ठेवणारा आहे, जागं ठेवणारा नाही.

मागच्या माणसाला काय दिसतं, याचा विचार मी वाचलेल्या लेखकांत एकाने फार जवळून केला आहे. रॉबर्ट पिर्सिग यांनी १९६८ च्या उन्हाळ्यात आपल्या अकरा वर्षांच्या मुलाला, ख्रिसला, मागे बसवून मिनेसोटापासून कॅलिफोर्नियापर्यंत प्रवास केला. त्यावरचं 'झेन अँड द आर्ट ऑफ मोटरसायकल मेन्टेनन्स' हे पुस्तक १९७४ मध्ये आलं आणि जगभर गाजलं. पुस्तकभर वडील तत्त्वज्ञानात गढलेले असतात, आणि मुलगा मागे कंटाळलेला, रुसलेला, पोट दुखतंय म्हणणारा. वाचकालाही तो मुलगा त्रासदायक वाटू लागतो. अगदी शेवटी दोघं हेल्मेट काढतात, मुलगा फुटरेस्टवर उभा राहतो, आणि तेव्हा कुठे त्याला वडिलांच्या खांद्यावरून पुढचं दिसतं. हजारो मैल त्याने पाठच पाहिलेली असते. या पुस्तकावर लोक झेन, विवेक, गुणवत्ता असं पुष्कळ बोलतात. मी मागच्या सीटवर वाढलेली बाई, मला त्या पोराचं उभं राहणं लक्षात राहिलं.

१९८० च्या दशकात आपल्या रस्त्यांवर दोन बदल झाले. १९८५ मध्ये हिरो होंडाची सीडी १०० आली आणि मोटारसायकल एकदम शांत, हलकी, कमी पेट्रोल पिणारी झाली. बुलेटच्या धडधडीवर झोपणं ही ज्याची त्याची कला, पण या नव्या गाड्यांच्या सारख्या, गोड आवाजात मागे बसणाऱ्याचे डोळे कधी मिटले ते त्याचं त्यालाच कळेना. दुसरा बदल असा, की त्याच सुमारास आलेल्या कायनेटिक होंडाला गिअर नव्हते आणि किक मारायची गरज नव्हती. लुना १९७२ पासून होतीच, पण या गाडीने पुण्यातल्या बायका मागच्या सीटवरून पुढच्या सीटवर आल्या. आणि मागे कोण बसलं? सासरे, वडील, भाऊ.

आमचे आप्पाही बसले. सत्तरी ओलांडलेली, मोतीबिंदू झालेला. मी गाडी चालवायची आणि ते मागे. एका दुपारी सासवडहून परत येताना दिवेघाटात माझ्या पाठीवर त्यांचं डोकं टेकलं. मला वाटलं, काही बोलतायत. मग लक्षात आलं, की माझ्या कमरेवरचा हात सैल झालाय. घाटात एकदम थांबता येत नाही, वळणावर मागे ट्रक. मी मोठ्याने ओरडले, "आप्पा, सात औटे किती?" दोन वळणं काही उत्तर आलं नाही. मग मागून आवाज आला, "साडेचोवीस. पण तू पुढे बघ." खाली उतरल्यावर टपरीवर आम्ही चहा घेतला. चहाचा परिणाम व्हायला अर्धा तास तरी लागतो, म्हणून मी त्यांना तिथेच बाकावर वीस मिनिटं आडवं व्हायला लावलं. त्यांना ते अजिबात आवडलं नाही.

लांब पल्ल्याच्या मोटारसायकलस्वारांची आज मोठी मंडळं आहेत. चोवीस तासांत हजार मैल जाणाऱ्यांना प्रमाणपत्र देणारी अमेरिकेतली 'आयर्न बट' संघटना त्यांपैकी प्रसिद्ध. अशा मंडळींच्या हेल्मेटांत आता बोलायची यंत्रं असतात. पुढचा आणि मागचा तासन्‌तास गप्पा मारू शकतात. मागच्याकडे नकाशा, पेट्रोलपंपाचा शोध, फोटो, अशी कामंही आली आहेत. थोडक्यात, आईची ती खांद्यावरची थाप आता बिनतारी झाली. पण याच यंत्रातून सलग संथ गाणी लावली, तर तेच यंत्र अंगाई म्हणतं, हेही खरं.

हे सगळं मी नुसतं मौजेने सांगत नाही. केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२२ मध्ये आपल्या देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली, आणि त्यांतली शंभरात चव्वेचाळीसहून अधिक दुचाकीवरची होती. त्याच वर्षी हेल्मेट नसल्यामुळे दगावलेल्यांची संख्या ५०,०२९, आणि त्यांत १४,३३७ मागे बसलेले. त्यांतले किती डुलकी लागून पडले, याचा रकाना अहवालात नाही. असूही शकत नाही, कारण सांगायला ते उरत नाहीत आणि चालवणारा तर समोर बघत असतो. हेल्मेटची सक्ती १९८८ च्या कायद्यात मागच्यालाही आहे. सूट कोणाला, तर पगडी बांधणाऱ्या शिखांना. तरी आजही गाडी घेताना घरात एकच हेल्मेट येतं, आणि ते कोणाच्या डोक्यावर जातं ते आपण जाणतो.

लहान मुलांबाबत मात्र एक नवा नियम झाला आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये निघालेला आणि वर्षभराने लागू झालेला. चार वर्षांखालच्या मुलाला दुचाकीवर न्यायचं, तर त्याला चालवणाऱ्याशी जोडणारा पट्टा हवा, त्याच्या डोक्याला हेल्मेट हवं आणि वेग ताशी चाळीसच्या वर नको. वाचल्यावर मला आईची ओढणी आठवली नाही, कारण आई ओढणी घेत नसे. पदराचं टोक ती भावाच्या पोटाभोवती गुंडाळून कमरेला खोचायची. पट्ट्याची कल्पना नवी नाही, त्याला बक्कल आणि नियम क्रमांक आता मिळाला.

गणपतीच्या आदल्या दोन-तीन रात्री मुंबई-गोवा महामार्गावर जाऊन उभं राहिलं, तर हा सगळा इतिहास आजही समोरून जाताना दिसतो. मुंबई-ठाण्याहून संध्याकाळची ड्यूटी संपवून निघालेली जोडपी, पुढे टाकीवर बॅग, मधे मूल, मागे बाई, तिच्या मांडीवर मखराचं सामान. पेण, कोलाड, माणगाव, महाड. कशेडीला पोचेपर्यंत पहाट होते. अलीकडे त्या दिवसांत या रस्त्यावर प्रवाशांसाठी सुविधा केंद्रं उभी करतात. मांडव, पाणी, चहा, बसायला बाकं.

दोन वर्षांपूर्वी पहाटे साडेतीनला अशाच एका मांडवात मी चहा घेत होते. बाकावर एक बाई हेल्मेट उशाला घेऊन गाढ झोपली होती, तिच्या कुशीत पोर. नवरा बाजूला उभा. त्याला म्हटलं, अजून किती जायचंय? म्हणाला, "गुहागरला. वीस मिनिटांनी उठवतो तिला. मग ती जागी ठेवते मला."